फुफाट्यातला बटाटा, मेक्सिकोचा थाट

दुपारची भांडी झाली असतील, थोडं टेकला असाल. रेडिओचा आवाज जरा वाढवा आणि जमलं तर वही-पेन जवळ घ्या. आज एक पदार्थ सांगणार आहे. त्याच्याबरोबर आमच्या गटाची एक फजिती आणि एक हिशेबही सांगणार आहे. पदार्थ आवडला नाही तरी चालेल, हिशेब मात्र नक्की ऐका.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांचा मुलगा शहरात नोकरीला आहे, त्यानं पाठवलेला. एक मोठा बटाटा मधोमध चिरलेला, त्यावर राजमा, मक्याचे दाणे, टोमॅटो-कांदा, वर पांढरी साय आणि चीज. नाव होतं ‘मेक्सिकन लोडेड बेक्ड पोटॅटो’. किंमत २२० रुपये. बैठकीत एकच गलका झाला. आमचा भाग आंबेगाव तालुक्यातला, सातगाव पठाराच्या अंगाचा. पावसाच्या पाण्यावर खरिपात बटाटा घेणारी ही गावं. एक मावशी म्हणाल्या, “अगं, २२० रुपयांत तर भाव पडल्यावर आपला दहा-पंधरा किलो बटाटा जातो. आणि हा एक बटाटा?”

त्या प्रश्नातूनच आमचं सगळं सुरू झालं.

आधी नाव समजून घेऊ. ‘बेक्ड’ म्हणजे भाजलेला. ‘लोडेड’ म्हणजे लादलेला, भरभरून माल घातलेला. बटाटा सालीसकट भाजायचा आणि त्यावर माल लादायचा. भाजलेल्या बटाट्यावर लोणी, चीज, साय घालून खायची पद्धत अमेरिकेत फार चालते. मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या सोनोरा, सिनालोआ या राज्यांत त्याला ‘पापास असादास’ म्हणतात. ‘पापा’ म्हणजे बटाटा, ‘असादा’ म्हणजे विस्तवावर भाजलेला. तिथं त्यावर लोणी, चीज, साय आणि भाजलेल्या मांसाचे बारीक तुकडे घालतात. आपण मांसाच्या जागी राजमा घेणार आहोत. राजमाही तिकडचाच. मेक्सिकोच्या घराघरांत मक्याची पातळ भाकरी, राजमा आणि टोमॅटो-मिरचीची चटणी हे रोजचं जेवण. तिला ‘तोर्तिया’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडे भाकरी, उसळ, ठेचा असतो तसंच.

आता मजा बघा. आपण ज्याला परदेशी म्हणून नाक मुरडतो, त्यातलं निम्मं सामान आपल्या फडताळात आहे आणि ते सगळं तिकडूनच आलेलं आहे. मका, राजमा आणि मिरची मेक्सिकोत माणसानं हजारो वर्षांपूर्वी पिकवायला घेतली. टोमॅटोही तिथलाच म्हणून जगभर गेला. बटाटा त्याच्याही खाली, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही पिकं आपल्या किनाऱ्याला लागली. ‘बटाटा’ हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. उत्तरेत त्याला आलू म्हणतात, आपण बटाटा म्हणतो, ते यामुळेच. मिरची येण्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती, तिच्यावरूनच मिरची हे नाव पडलं. त्यामुळे ‘हे आपलं नव्हे’ असं कुणी म्हणालं, तर तिला सांगा की कांदा-लसणाचं तिखट तरी कुठं आधीपासून आपलं होतं?

चला, आता चुलीकडे.

दहा बटाट्यांचं प्रमाण सांगते. मोठे, एकसारखे बटाटे दोन किलो. म्हणजे एक बटाटा साधारण २०० ग्रॅमचा. राजमा पाव किलो. मक्याची दोन कणसं. टोमॅटो अर्धा किलो, कांदे पाव किलो. एक लिटर दुधाचं घरचं पनीर. अर्धा किलो दह्याचा चक्का. ५० ग्रॅम लोणी. लिंबं दोन, हिरव्या मिरच्या चार, लसूण, कोथिंबीर, जिरेपूड, लाल तिखट, मीठ.

बटाटा निवडणं हे निम्मं काम आहे. काही बटाटे शिजल्यावर पिठूळ होतात, काही चिकट राहतात. भाजायला पिठूळच हवा. नवीन, कोवळ्या सालीचा, पाणीदार बटाटा रश्श्याला छान, पण इथं उपयोगाचा नाही. चिप्ससाठी लावतात त्या कुफरी चिप्सोनासारख्या जाती पिठूळ असतात. ‘कुफरी’ हे शिमल्याजवळच्या एका गावाचं नाव, तिथं बटाट्याच्या संशोधनाचं केंद्र आहे, म्हणून इतक्या जातींच्या नावापुढं कुफरी लागतं. जात माहीत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिकट.

हिरवट पडलेला किंवा लांब कोंब आलेला बटाटा घेऊ नका. उजेडात राहिला की बटाटा हिरवा होतो आणि त्याबरोबर त्यात सोलॅनिन नावाचं कडू विष वाढतं. ते शिजवून जात नाही. या पदार्थात साल खायची असते, म्हणून इथं जास्तच जपायचं. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा.

राजमा आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, कमीत कमी आठ तास. ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात कुकरला एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर वीस मिनिटं. दाणा बोटानं दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा एक घटक असतो. चांगली उकळी मिळाली की तो जातो, पण कोमट आचेवर अर्धवट शिजवला तर त्रास वाढतो. म्हणून टचटचीत दाणा कुणालाही वाढू नका. राजमा महाग वाटला तर आपला घेवडा घ्या. साताऱ्याकडच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तोही राजम्याचाच भाऊ.

शिजलेला राजमा कढईत दोन चमचे तेलावर लसूण, जिरेपूड, लाल तिखट घालून परता आणि पळीच्या पाठीनं निम्मा चेपा. थोडा घट्ट, थोडा दाणेदार असा झाला पाहिजे. रस्सा ठेवू नका, बटाटा भिजून लगदा होतो. मेक्सिकोत ओरेगानो नावाचा पाला घालतात. तालुक्याच्या दुकानात पुडी मिळते. नसेल तर चिमूटभर ओवा तळहातावर चोळून घाला. अगदी तोच वास नाही येत, पण जवळ जातो.

आता भाजणं. आमच्याकडे ओव्हन नाही आणि तुमच्याकडेही बहुतेक नसेल. त्यावाचून अडत नाही. बटाटे घासून धुवा, डोळ्यांतली माती काढा, कोरडे पुसा. काट्यानं किंवा सुरीच्या टोकानं सात-आठ ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ कोंडून बटाटा फुटतो. तेलाचा हात आणि मीठ लावा. पुढच्या तीन पद्धती आम्ही करून बघितल्या आहेत.

पहिली, चुलीची. स्वयंपाक झाल्यावर निखारे बाजूला सारा आणि गरम राखेत, म्हणजे फुफाट्यात बटाटे पुरा. तेल-मीठ न लावता, कोरडेच. पाऊण तास लागतो, मध्ये एकदा पालटा. ‘आगीतून फुफाट्यात’ असं आपण वाईट अर्थानं म्हणतो, पण बटाट्याला आग सोसत नाही, फुफाटा मानवतो. नंतर राख झटकून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. चव या पद्धतीला सगळ्यात जास्त.

दुसरी, मिठाची कढई. जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन बोटं जाडीचा खड्या मिठाचा थर द्या, त्यावर जाळी, जाळीवर बटाटे, वर जड झाकण. दहा मिनिटं कढई तापवून मग मध्यम-बारीक आचेवर तासभर. दर वीस मिनिटांनी बटाटे फिरवा. मीठ पुन:पुन्हा याच कामाला वापरता येतं.

तिसरी, घाईची. कुकरला एक शिट्टी, मग बटाटे पसरून पूर्ण कोरडे करा आणि तव्यावर किंवा कढईत थोड्या तेलावर झाकण ठेवून वीस मिनिटं भाजा. साल कुरकुरीत होते. आत पहिल्या दोन पद्धतींसारखा मोकळा होत नाही, पण विक्रीच्या गर्दीत हीच पद्धत साथ देते आणि गॅसही वाचतो.

सुरी आरपार सहज गेली की बटाटा झाला. लगेच वरून फुलीसारखा काप द्या आणि चारी बाजूंनी दाबा. वाफ बाहेर पडू द्या. ती आत राहिली तर गर चिकट होतो.

बटाटा भाजेपर्यंत टोमॅटोची कोशिंबीर करा. मेक्सिकोत हिला ‘पिको दे गायो’ म्हणतात, म्हणजे कोंबड्याची चोच. टोमॅटोच्या बिया काढून बारीक फोडी, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. दही नाही, कूट नाही, फोडणी नाही. मीठ वाढायच्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटतं. तिखट आवडत असेल तर दुसरी चटणी करा. टोमॅटो, मिरची, लसूण निखाऱ्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात ठेचा. तिकडेही ही चटणी काळ्या दगडाच्या तीन पायांच्या खलात ठेचतात आणि मका वाटायला त्यांच्याकडे आपल्या पाट्या-वरवंट्यासारखाच दगड असतो.

मक्याचे दाणे वाफवून तव्यावर भाजा. चक्क्यात चमचाभर दूध आणि मीठ घालून सैल करा, ती झाली साय. पनीर हातानं चुरा. मेक्सिकोतलं ताजं पांढरं चीजही असंच चुरा होणारं असतं. विकतचं चीज वितळतं, पोरांना आवडतं, पण ऐपत बघून.

आता रचायची रीत. काप दिलेल्या बटाट्याचा गर काट्यानं थोडा मोकळा करा. त्यात लोणी आणि मीठ. मग गरम राजमा, मका, पनीर. दोन मिनिटं झाकण. मग वर गार कोशिंबीर, चक्का, कोथिंबीर. खाली गरम, वर गार, हीच या पदार्थाची गंमत. सगळं एकदम तापवलं तर कोशिंबीर मरते.

एका ताटलीत हे पोटभर होतं. बटाट्यातून ताकद, राजमा-पनीरमधून प्रथिनं. राजम्यात लोहही असतं आणि लिंबू-टोमॅटोतल्या क जीवनसत्त्वामुळं ते अंगी जास्त लागतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीच सांगते. म्हणून घरी कराल तेव्हा स्वतःच्या बटाट्यावरचा राजमा कमी करून पोरांच्या ताटात सारू नका. आणि वरून लगेच चहा पिऊ नका, चहा लोहाला अडवतो. साखरेचा आजार असेल त्यांनी अर्धाच बटाटा घ्यावा, राजमा-कोशिंबीर जास्त.

आता फजिती सांगते.

घरी दोनदा करून बघितल्यावर आम्ही तालुक्याच्या विक्री-प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरवलं. सकाळची घाई नको म्हणून आदल्या रात्रीच ६० बटाटे भाजायचे, चंदेरी कागदात गुंडाळायचे आणि टोपलीत झाकून ठेवायचे, ही युक्ती माझीच. रात्री अकरापर्यंत चार बायका राबल्या. घरी आल्यावर सहज प्रशिक्षणातली जुनी वही चाळली आणि माझी झोप उडाली. वहीत एक गोष्ट लिहिलेली होती. १९९४ मध्ये अमेरिकेत, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो शहरात एका हॉटेलातलं खाऊन ३० जण आजारी पडले होते. कारण काय, तर चंदेरी कागदात भाजलेले बटाटे तसेच बाहेर ठेवले होते आणि नंतर ते पदार्थात वापरले.

का होतं असं? मातीत एक जंतू असतो, त्याची बीजं बटाट्याच्या सालीला चिकटून येतात. भाजल्यानं ती मरत नाहीत. कागदात गुंडाळलं की आत हवा नाही, ओल आहे, ऊब आहे. त्या जंतूला नेमकं हेच लागतं. तो वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाला बोटुलिनम म्हणतात. हातपाय लुळे पडतात, श्वास अडकतो, जीव जाऊ शकतो. आणि वास घेऊन, चव घेऊन ते कळत नाही.

पहाटे पाचला मी टोपलीपाशी गेले. बटाटे छान दिसत होते. एक आक्का म्हणाल्या, “काही होत नाही गं. आपण शिळं खातच आलोय की.” खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण खाणारी लेकरं दुसऱ्यांची होती. साठच्या साठ बटाटे खड्ड्यात पुरले, जनावरांनाही घातले नाहीत. त्या दिवशी स्टॉलवर आम्ही नुसता मका आणि राजमा-कोशिंबीर विकली. पुढच्या बैठकीत मी म्हटलं, “युक्ती माझी होती, बटाट्याचे पैसे मी भरते.” तेव्हा त्याच आक्का म्हणाल्या, “नफा झाला असता तर एकटीनं घेतला असतास का? लिही गटाच्या खात्यात.” तो तोटा आजही आमच्या वहीत तसाच आहे, खोडलेला नाही.

तेव्हापासून नियम केला. भाजताना चंदेरी कागद नाही. भाजलेला बटाटा दोन तासांत खायचा किंवा वाफ निघेल असा गरम ठेवायचा. उरला तर उघडा करून फ्रिजमध्ये. राजमा, पनीर, चक्का यांनाही हाच नियम. आणि विकायचं असेल तर अन्न परवान्याची नोंदणी आधी.

आता हिशेब. मघाचं दहा बटाट्यांचं सामान. आमच्याकडचे भाव धरले तर बटाटे ५०, राजमा ३५, दूध ५०, दही ३५, टोमॅटो १०, कांदे ८, मका २०, लोणी ३०, लिंबू-मिरची-मसाला २०, जळण २०, ताटल्या २०. एकूण २९८. म्हणजे एक बटाटा ३० रुपयांना पडला. दुसऱ्या स्टॉलच्या वेळी आम्ही तो ५० ला विकला आणि खूश झालो, एकामागं २० सुटले म्हणून. घरी येऊन नीट मांडलं. ५० बटाट्यांचं सामान १४९०. चार बायका पाच-पाच तास, म्हणजे २० तास. तासाला ५० धरले तर १०००. टेम्पो ३००, जागेचं भाडं २००. बेरीज २९९०. एक बटाटा ६० ला पडला होता आणि आम्ही ५० ला विकत होतो! सगळे खपूनही ४९० रुपये खिशातून गेले. ते कळले नाहीत, कारण आमच्या मजुरीचा आकडा आम्ही लिहिलाच नव्हता.

आता ८० ला विकतो. ३८ खपले की खर्च निघतो, त्यापुढचा नफा. भाव सांगताना पहिल्यांदा जीभ अडखळली. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “बटाट्याला ८० रुपये?” तेव्हा ज्या मावशींना २२० चं कोडं पडलं होतं, त्याच म्हणाल्या, “बटाट्याला नाही हो दादा, बटाटा पाच रुपयांचा. बाकीची आमची मेहनत.” त्या माणसानं दोन घेतले.

तर मैत्रिणींनो, या रविवारी घरच्यांसाठी चार बटाटे फुफाट्यात घाला. जमलं तर गटात करा. आणि विकायला काढाल तेव्हा वहीत सगळ्यात पहिली ओळ स्वतःच्या तासांची लिहा, बटाट्याची दुसरी. पुन्हा भेटू. नमस्कार.